मायना आणि मागणी : बोलोन्याच्या पत्रवर्गात काय शिकवलं गेलं

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं 'प्रोफेशनल कम्युनिकेशन'मध्ये काय काम? प्रश्न रास्त आहे. आमच्या शास्त्राचं आणि या विषयाचं वैर फार जुनं आहे. प्लेटोच्या 'गोर्गियास' या संवादात सॉक्रेटिस वक्तृत्वाला शास्त्र मानायलाच तयार होत नाही. तो तिला थेट स्वयंपाकाच्या हातोटीच्या पंगतीत नेऊन बसवतो. ॲरिस्टॉटलने पुढे सारवासारव केली, पण संशय काही गेला नाही. तेव्हा आज आपण वैऱ्याच्या घरी जाऊन बघणार आहोत, की तिथे नक्की काय शिजत होतं.

आज अभियांत्रिकीच्या किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला असा एखादा पेपर असतोच. अर्ज, ईमेल, अहवाल, मुलाखत, झालंच तर सभेचं इतिवृत्त. विद्यार्थ्यांना हा पेपर सोपा वाटतो आणि बाकीच्या प्राध्यापकांना दुय्यम. आणि सर्वांची समजूत अशी, की हे कंपन्यांच्या जमान्यातलं खूळ आहे. तसं नाही. हा विषय युरोपातल्या विद्यापीठांच्या जवळजवळ बरोबरीचा आहे. त्याचं लॅटिन नाव 'आर्स दिक्तामिनिस'. 'दिक्तारे' म्हणजे तोंडी सांगून लिहवून घेणं, आपण 'मजकूर सांगणे' म्हणतो ते. त्यामुळे हा विषय शिकवणाऱ्याला म्हणत 'दिक्तातोर'. होय, तोच शब्द. वर्गातला हुकूमशहा असा अर्थ कोणी काढला तर आम्ही हरकत घेणार नाही, पण त्या काळी त्याचा अर्थ पत्रलेखनाचा मास्तर एवढाच होता.

हे सुरू कसं झालं? रोम आणि नेपल्सच्या मधोमध डोंगरावर मोंते कास्सिनो नावाचा मठ आहे. तिथल्या अल्बेरिक नावाच्या भिक्षूने अकराव्या शतकाच्या अखेरीस पत्रलेखनावर लिहिलं. या विषयाचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतात. पण विषयाला पेठ मिळाली ती बोलोन्यात. बोलोन्या विद्यापीठाचं स्थापनावर्ष परंपरेने १०८८ मानतात. तिथे रोमन कायदा शिकवत. उत्तर इटलीतली शहरं त्या सुमाराला स्वतःचा कारभार स्वतः बघू लागली होती, चर्चची कचेरी फुगत होती, व्यापाऱ्यांची देवघेव लांबवर पोचली होती. या सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती : पत्र लिहू शकणारी माणसं. त्या काळचं पत्र म्हणजे आजच्यासारखा खासगी लिफाफा नव्हे. बऱ्याचदा ते दरबारात, सभेत, चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं जाई. म्हणजे पत्र हे दुसऱ्याच्या तोंडून केलेलं भाषणच होतं. म्हणून शिक्षकांनी भाषणाचं शास्त्र उचललं आणि ते पत्राच्या मापाने कापलं.

ते कुठे कापलं, इथे आमच्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. जरा सावकाश जाऊ या.

मध्ययुगात भाषणाचा धडा सिसेरोकडून घेत. तरुणपणी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात सिसेरोने भाषणाचे सहा भाग सांगितले होते. आधी प्रस्तावना. मग हकीकत. मग मुद्द्यांची विभागणी. मग आपल्या बाजूची सिद्धता, मग प्रतिपक्षाचं खंडन, आणि शेवटी समारोप. आपल्या शास्त्रग्रंथांची सवय असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. पूर्वपक्ष मांडून त्याचं खंडन केल्याशिवाय आपल्याकडे सिद्धान्त उभा राहत नाही.

आता बोलोन्यात ११३५ च्या सुमाराला लिहिलेली एक निनावी पुस्तिका बघा. पत्राचे भाग ती पाच सांगते. पहिला, अभिवादन, म्हणजे आपला मायना. दुसरा, वाचणाऱ्याची मर्जी संपादन करणं. तिसरा, हकीकत. चौथा, मागणी. पाचवा, समारोप. सहाचे पाच झाले एवढाच फरक दिसतो. पण कोणते गेले आणि कोणते आले हे पाहा. प्रस्तावना होती ती फुगून दोन झाली, मायना आणि मर्जी. हकीकत राहिली. विभागणी, सिद्धता आणि खंडन हे तिन्ही भाग गेले. त्यांच्या जागी आली मागणी.

म्हणजे ज्या भागात माणूस म्हणतो, "माझं म्हणणं या कारणांसाठी बरोबर आहे आणि तुमचं या कारणांसाठी चूक," तो भागच काढून टाकला. उरलं ते असं : तुम्ही थोर, माझ्यावर असा प्रसंग आला आहे, तरी एवढं द्यावं. युक्तिवाद गेला, विनंती आली. कोणी कट करून हे केलं नाही. ज्याला पत्र लिहायचं तो बिशप असे, राजा असे, नगराचा अधिकारी असे. त्याच्याशी वाद घालायला कोण बसणार! गरजेतून कात्री चालली. पण एकदा तो साचा वर्गात आला, पाठ झाला, परीक्षेला लागला, की तो फक्त पत्राचा साचा राहत नाही. विद्यार्थ्याच्या मनात मोठ्या माणसाशी बोलण्याची तीच एक रीत होऊन बसते.

आपल्याकडे फार लांब जायला नको. आमच्या वयाच्या लोकांनी शाळेत पत्राच्या माथ्यावर 'सा. न. वि. वि.' लिहिलं आहे. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. नमस्कार झाला, की लगेच विनंती. आणि शेवटी पुन्हा 'लोभ असावा, ही विनंती'. तीर्थरूपांना एक मायना, चिरंजीवांना दुसरा. वडील माणसाला नमस्कार आणि धाकट्याला 'अनेक उत्तम आशीर्वाद'. यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंताच्या नावावर 'मेस्तक' म्हणून लेखनपद्धतीचे जे नियम सांगितले जातात, त्यांचा काळही तेरावं शतकच. बोलोन्याचा आणि देवगिरीचा काही संबंध होता असं आम्ही मुळीच सुचवत नाही. कागदावर चालणारा कारभार जिथे उभा राहतो, तिथे मायन्याचे नियम आपोआप उगवतात, इतकंच.

मायन्याला आपण आज किरकोळ समजतो. त्या लोकांनी तसं समजलं नाही. बोलोन्याच्या पुस्तकांत मायन्याचे नियम पानंच्या पानं चालतात. थोराचं नाव आधी, धाकट्याचं नंतर. बरोबरीच्यांत नम्रता म्हणून समोरच्याचं नाव आधी. कोणाला कोणतं विशेषण, कोणाच्या नावापुढे कोणती पदवी. पोप स्वतःला 'देवाच्या दासांचा दास' म्हणवून घेई, आणि तरी स्वतःचं नाव मात्र आधी लिही. नम्रता आणि अधिकार एकाच ओळीत बसवण्याचं हे कसब बघून आम्हाला आमचे काही कुलगुरू आठवतात. असो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे हे किरकोळ नव्हतं हे कळेल. साल ११५७. बेझाँसाँ या गावी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा दरबार भरला आहे. पोप एड्रियन चौथा याचे दोन वकील पत्र घेऊन आले. पत्र अर्थातच मोठ्याने वाचलं जाणार होतं. पत्र लॅटिनमध्ये आणि दरबारातले सरदार जर्मन, म्हणून सम्राटाचा मुख्य चिटणीस रायनाल्ड भाषांतर करून सांगत होता. पत्रात पोपने लिहिलं होतं, की आम्ही तुला राजमुकुट दिला, आणि याहून मोठे 'बेनेफिचिया' दिले असते तरी आम्हाला आनंदच वाटला असता. आता 'बेनेफिचियुम' या शब्दाचे दोन अर्थ. एक, उपकार. दुसरा, धन्याने चाकराला दिलेली जहागीर. रायनाल्डने दुसरा अर्थ सांगितला. म्हणजे साम्राज्य ही पोपने सम्राटाला दिलेली जहागीर! दरबारात गदारोळ उडाला. त्यात वकिलांपैकी एक जण म्हणाला म्हणतात, की सम्राटाला साम्राज्य पोपकडून नाही तर कोणाकडून मिळालं? बव्हेरियाचा ओटो नावाचा सरदार तलवार घेऊन धावला. सम्राट मध्ये पडला म्हणून वकिलाची मान वाचली.

पुढच्या वर्षी पोपला खुलाशाचं पत्र पाठवावं लागलं. आम्ही हा शब्द 'चांगलं' आणि 'करणं' या दोन शब्दांपासून झालेला, म्हणून सत्कृत्य या अर्थाने वापरला, जहागीर या अर्थाने नव्हे, असा त्याचा आशय. व्युत्पत्ती सांगून राजकारण मिटवण्याचा हा नमुना भाषेच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. ते तात्पुरतं मिटलं. पण त्यानंतर थोड्याच काळात सम्राटाने आपल्या लेखनिकांना हुकूम दिला, की यापुढे पोपला पत्र लिहिताना सम्राटाचं नाव आधी घाला, आणि पोपला अनेकवचनी नव्हे, एकवचनी संबोधा. म्हणजे 'तुम्ही' नाही, 'तू'. ही हकीकत त्या काळच्या राहेविन या इतिहासकाराने नोंदवली आहे. मराठी माणसाला याचं महत्त्व समजावून सांगायला नको. आपल्याकडे 'अहो'चं 'अरे' झालं, की पुढची पायरी कोणती असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता राजेरजवाड्यांतून वर्गात येऊ या. या मास्तरांत सर्वांत रंगेल माणूस बोनकोम्पान्यो, फ्लॉरेन्सजवळच्या सिन्या गावचा. बोलोन्यात शिकवायचा. त्याने नमुनापत्रांचं भलंमोठं पुस्तक लिहिलं, त्याला स्वतःचंच नाव दिलं, आणि १२१५ साली बोलोन्यात कायद्याच्या प्राध्यापकांसमोर त्याचं जाहीर वाचन केलं. त्याबद्दल त्याला लॉरेलच्या पानांचा मुकुट घातला गेला. प्रेमपत्रं कशी लिहावीत यावरही त्याचं एक छोटं पुस्तक आहे. आपण वर्गात सिसेरो शिकवत नाही, हे तो अभिमानाने सांगे. सालिम्बेने नावाच्या भिक्षूने आपल्या बखरीत त्याची एक गोष्ट दिली आहे. एक धर्मोपदेशक चमत्कार करतो म्हणून गावात बोलबाला झाला, तेव्हा बोनकोम्पान्योने जाहीर केलं, की आपण अमुक दिवशी हवेत उडून दाखवणार. सारा गाव टेकडीशी जमला. हा पंख लावून वर उभा. बराच वेळ तो लोकांकडे आणि लोक त्याच्याकडे बघत राहिले. मग हा म्हणाला, बोनकोम्पान्योचं तोंड पाहिलंत ना, तेवढं पुरे, आता घरी जा.

त्याच्या आणि इतरांच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांची नमुनापत्रं भरपूर आहेत. चार्ल्स हॅस्किन्स या अमेरिकन इतिहासकाराने १८९८ मध्ये अशा पत्रांवर एक सुंदर निबंध लिहिला. त्यांत सर्वांत जास्त वेळा येणारा विषय कोणता असेल? पैसे. विद्यार्थी घरी लिहितो, की शहर महाग आहे, पुस्तकांना खर्च येतो, थंडी आहे, तरी काही रक्कम धाडावी. मायना, मर्जी, हकीकत, मागणी, सगळं जागच्या जागी. वडिलांची उत्तरंही नमुन्यात आहेत. एक बाप लिहितो त्याचा सारांश असा, की दुसरी मुलं अभ्यास करतात तेव्हा तू वाद्य वाजवत बसतोस असं आमच्या कानावर आलं आहे. ही पत्रं खरी लिहिलेली किती आणि मास्तरांनी रचलेली किती, हा वाद अभ्यासकांत आहे. आमच्या दृष्टीने मुद्दा वेगळाच आहे. मुलगा आणि बाप यांच्यातही इथे सिद्धता नाही. "मी इतका अभ्यास केला, हा घ्या पुरावा" असं मुलगा म्हणत नाही. तो बापाच्या मायेला हात घालतो. शिकवलंच तसं होतं.

आणि शिकवणाऱ्याचं काय झालं? सालिम्बेनेच सांगतो, की बोनकोम्पान्यो आपल्या लेखनविद्येच्या जोरावर काही मिळेल म्हणून पोपच्या दरबारी गेला, तिथे त्याला यश आलं नाही, आणि म्हातारपणी दारिद्र्यात, फ्लॉरेन्सच्या धर्मार्थ रुग्णालयात त्याचा शेवट झाला. मागणी कशी करावी याचा एवढा मोठा जाणकार!

विद्यापीठांच्या लेखी या विषयाची किंमत काय होती, ते ऑक्सफर्डमध्ये दिसतं. तिथे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस सॅम्प्सन नावाचा एक मास्तर पत्रलेखन, दस्तऐवज, हिशेब आणि फ्रेंच असं एकत्र शिकवत असे. जमीनदाराच्या पदरी कारकुनी करायची तर जे लागतं ते सगळं. विद्यार्थी येत. पण हे वर्ग पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हते. विद्यापीठाने अशा मास्तरांना चालू दिलं, आणि त्यांच्यावर व्याकरणाच्या मास्तरांची देखरेख ठेवली. पोट भरणारा विषय अंगणात बसवायचा, माजघरात नाही. ही पद्धत आजही आम्ही पुष्कळ महाविद्यालयांत पाहिली आहे. भाषेच्या विभागातल्या सर्वांत नव्या, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात हा पेपर पडतो. साठ-साठ, ऐंशी-ऐंशी मुलांच्या वर्गात तो पत्राचा साचा फळ्यावर काढतो, मुलं उतरवून घेतात. सिद्धता शिकवायला एकेका मुलाचा मजकूर वाचावा लागतो, त्याला उलट प्रश्न विचारावे लागतात. त्याला वेळ लागतो, आणि वेळाला पैसे लागतात. साच्याला एक फळा पुरतो.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग सॉक्रेटिसचंच खरं, हा विषय बंद करा. आमचं म्हणणं तसं मुळीच नाही. दोन माणसांमुळे नाही.

पहिला ग्विदो फाबा. बोलोन्याचाच. तोवर हा सगळा वर्ग लॅटिनमध्ये चाले. ग्विदोने १२४० च्या आसपास आपल्या पुस्तकांत पत्रांची आणि भाषणांची सुरुवात कशी करावी याचे नमुने लोकांच्या बोलीत, बोलोन्याच्या इटालियनमध्ये दिले. इटालियन गद्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत ते मोजले जातात. म्हणजे ज्या विषयाला आपण तुच्छ म्हणतो, त्याच्या कुशीत एका भाषेचं गद्य वाढलं. कवितेला दरबार मिळतो. गद्याला कचेरी लागते. आपल्याकडे मराठी गद्यही बखरी आणि पत्रव्यवहार यांतच वाढलं ना? मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, आणि त्यात वरच्या परीक्षांना मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना दीर्घकाळ खटपट करावी लागली. आजही 'व्यावहारिक मराठी' हा पेपर मराठीच्या विभागात असतो आणि 'प्रोफेशनल कम्युनिकेशन' इंग्रजीच्या ताब्यात असतं. जणू व्यवहार निराळा आणि व्यवसाय निराळा. तलाठी कार्यालयात जाणारा अर्ज ज्या भाषेत लिहायचा, ती भाषा अभियांत्रिकीच्या मुलाच्या या पेपरात सहसा नसते. ग्विदोला हे विचित्र वाटलं असतं.

दुसरा ब्रुनेत्तो लातिनी. फ्लॉरेन्सचा लेखनिक, मुत्सद्दी. दान्तेने ज्याला आपल्या महाकाव्यात नरकात भेटवला आहे, आणि तरी गुरूचा मान दिला आहे, तो. १२६० मध्ये फ्लॉरेन्सची लढाईत हार झाली आणि त्याला काही वर्षं फ्रान्समध्ये हद्दपारीत काढावी लागली. तिथे तो सिसेरोचं तेच पुस्तक इटालियनमध्ये उतरवून त्यावर टीका लिहीत बसला. त्याच्यासमोर प्रश्न आला तो आपलाच : पत्रात वाद नसतो, मग पत्राला सिसेरोचं शास्त्र लागू कसं करायचं? ब्रुनेत्तोचं उत्तर असं, की पत्रात वाद असतोच, तो उघड नसतो एवढंच. मी काही मागतो, म्हणजे समोरचा नाही म्हणू शकतो. ती न बोललेली 'नाही' पत्राच्या पोटात आधीच आहे. म्हणून चांगला लिहिणारा त्या 'नाही'ला धरून लिहितो. बघा, काढून टाकलेला पूर्वपक्ष याने पत्रात मागच्या दाराने परत आणला. मायना ठेवा, पण समोरच्याचा आक्षेप काय असेल ते ओळखा आणि त्याला उत्तर द्या. हद्दपार झालेल्या, म्हणजे जिंकलेल्या पक्षाकडून साफ 'नाही' ऐकलेल्या माणसाला हे सुचावं, यात आम्हाला नवल वाटत नाही.

आता आजचा अर्ज डोळ्यासमोर आणा. विषय. महोदय. वरील विषयास अनुसरून. तरी कृपया मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू. शिष्यवृत्ती नियमाप्रमाणे मिळायला हवी असली, तरी विद्यार्थी ती मेहरबानी म्हणून मागतो. नियमाचा क्रमांक, पूर्ण केलेल्या अटी, झालेल्या उशिराचा हिशेब, हे काही अर्जात येत नाही, कारण साच्यात त्याला चौकटच नाही. दुसऱ्या टोकाला पाहा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा. त्याच्या कलम ६ मध्ये लिहिलं आहे, की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचं कारण देण्याची गरज नाही. म्हणजे मर्जी संपादन करणं गेलं, हकीकतही गेली. पुढच्या कलमात अधिकाऱ्यावर तीस दिवसांची मुदत आहे. नऊशे वर्षांत पत्राच्या पाच भागांवर इतका मोठा आघात दुसऱ्या कोणी केला असेल असं आम्हाला वाटत नाही. आणि तरी त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या अर्जाला शब्द कोणता वापरला आहे? 'रिक्वेस्ट'. बोलोन्याचा चौथा भाग तेवढा शिल्लक आहे. आम्ही असे काही अर्ज पाहिले आहेत. कायद्याने कारण मागितलेलं नसतानाही लोक अर्धं पान हकीकत लिहितात आणि खाली 'कृपाभिलाषी' म्हणून सही करतात.

बरं. चिठ्ठ्या बऱ्याच आलेल्या दिसतात. पहिलीच चिठ्ठी अशी आहे, की सम्राटाने पोपला 'तू' म्हटल्यावर पुढे काय झालं. ते सांगतो आणि मग बाकीच्या घेऊ. एड्रियन ११५९ मध्येच वारला. त्याच्या जागी जो पोप झाला तो रोलांदो, म्हणजे बेझाँसाँच्या दरबारात पत्र घेऊन गेलेल्या त्या दोन वकिलांपैकी एक. फ्रेडरिकने त्याला मानायचं नाकारलं, दुसराच पोप उभा केला, आणि तो तंटा ११७७ पर्यंत चालला.